आठ पाकिटं केशराची

दि. १० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र हाताने लिहिलंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुला पाकीट पाहूनच वाटेल. बिनसलेलं काही नाही. तुझ्याकडे एक काम आहे.

नोव्हेंबरात फोनवर तुला सांगितलं होतं की मला एडीएचडी आहे असं निदान झालंय. तेव्हा तू म्हणालीस, एवढंच ना, मला वाटलं परस्पर लग्न ठरवलंस. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही. घरात तुझ्याशिवाय अजून कोणाला माहीत नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणतील, लक्ष द्यायचं म्हटलं की लागतं. आणि मग मला सिद्ध करत बसावं लागेल. तूही सांगू नकोस.

डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज सकाळी घेते. ती काम करते, हे आधी नमूद करते. पूर्वी एक तक्ता भरताना मी चार वेळा उठायचे, आता बसल्या जागी भरते. पण दुपारी जेवण जात नाही. तीन महिन्यांत वजन चार किलोने उतरलंय आणि संध्याकाळी नाडी नव्वदच्या वर असते.

माझं काम तुला माहीत आहे, तरी नीट सांगते. शिरेतून औषध देणारे पंप तपासणीला माझ्याकडे येतात. ताशी पंचवीस मिलिलिटर लावलं तर तासाभरात पंचवीसच पडतं का, नळी दुमडली तर भोंगा वाजतो का, वीज गेल्यावर बॅटरी किती टिकते, हे बघून मी आठ रकान्यांचा तक्ता भरते. त्यावर पहिली सही माझी, दुसरी विभागप्रमुख बाईंची. मग हिरवं लेबल लागतं आणि पंप वॉर्डात जातो. मे महिन्यापासून एकटीच्या सहीने पंप सोडायचा अधिकार मला मिळू शकतो. त्यासाठी एप्रिलअखेर एक फॉर्म द्यायचाय. त्यात रोज घेत असलेली औषधं लिहायचा एक रकाना आहे. तिथे मला ‘काही नाही’ असं लिहायचंय, आणि ते खरं असायला हवं.

आता काम. लक्ष लागण्यासाठी केशर उपयोगी पडतं का, यावर काही लहान अभ्यास झालेत. बरेचसे मुलांवरचे, काही आठवड्यांचे. काहींमध्ये फायदा दिसला. एवढ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि केशराच्या गोळ्यांच्या बाटलीवरच्या मजकुरावर तर मुळीच नाही. माझ्यावर काय परिणाम होतो ते मला मोजायचंय. तू सत्तावीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलीस, कॅप्सूल भरायची फळी अजून तुझ्या कपाटात आहे. मला आठ पाकिटं करून दे, प्रत्येकात सात कॅप्सूल, आठवड्याला एक पाकीट. चार पाकिटांत केशर, चारांत नुसतं स्टार्च. कोणत्या क्रमांकात काय, ते फक्त तुला माहीत. तुझा काटा तीस मिलिग्रॅम नीट दाखवणार नाही, म्हणून एकदम अठ्ठावीस कॅप्सूलचं मिश्रण कर: ८४० मिलिग्रॅम केशर, बाकी स्टार्च. डॉक्टरांना विचारलंय. एवढ्या मात्रेला त्यांची हरकत नाही. गोळी मात्र चालू ठेवायची आणि नाडी मोजत राहायची, असं ते म्हणाले.

एक नियम. आठ आठवडे आपण फोन करायचा नाही. तुझ्या आवाजात सगळं वाचता येतं. पत्रात निदान खाडाखोड करता येते.

मापात बसेल तेवढा लोभ पाठवून दे, बाकीचा भेटल्यावर.
तुझी भाची

---

दि. १९ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, त्यांतले निम्मे रागाचे.

चार किलो उतरलीस आणि हे मला तिसऱ्या परिच्छेदात कळवतेस? मुळात होतीस किती, की त्यातून चार वजा करावेत? डॉक्टरांना वजनाचं सांगितलंस का, ते पत्रात कुठे दिसलं नाही. सांगितलं नसशील. लहानपणीही गुडघा फुटला की आधी जखमेची लांबी मोजायचीस आणि मग रडायचीस. उगाच नाही तुला फूटपट्टी म्हणत.

तुझं काम केलं. करताना तुझ्या नावाने बडबडलेही. फळी काढली, तिच्यावरची धूळ पुसली, दोन तास मान मोडून बसले. कॅप्सूल गडद तपकिरी आणल्यात, आतलं काही दिसणार नाही. पण तू एवढी शहाणी, तुझ्या ध्यानात वास आला नाही! केशर लपवून लपतं का? म्हणून सगळी पाकिटं एकाच डब्यात ठेवली आणि डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळून केशराच्या चार काड्या टाकल्या. आता आठही पाकिटांना सारखाच वास येतोय. हुंगून बघायचा मोह झाला तर खुशाल हुंग. क्रमांकांची यादी लिफाफ्यात घालून लाखेने बंद केलीय.

गोळ्या आणि पुड्या एकत्र घेणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. ‘नैसर्गिक आहे हो, काय होणार?’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं तितके तुझे पंपसुद्धा नसतील. तेव्हा माझी एकच अट. डॉक्टरांच्या गोळीला हात लावायचा नाही. आठ आठवडे ती जशी आहे तशी. हे मला लेखी हवंय, कारण तुझ्या तोंडी बोलण्यात नेहमी एक पळवाट असते.

परवा तुझे तीर्थरूप, आमचा दादा, येऊन गेला. चष्मा विसरला, तो घ्यायला परत आला आणि छत्री विसरून गेला. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे. खोटं बोलायची सवय होतेय मला तुझ्यापायी.

जेव. हा आशीर्वाद नाही, हुकूम आहे.
तुझी आत्या

---

दि. २३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लेखी देते: गोळी चालू आहे.

पहिलं पाकीट सोमवारी, ३ मार्चला सुरू केलं. मोजमाप असं. रोज सकाळी साडेआठला छापील आकड्यांचं एक पान घेते आणि दहा मिनिटांत त्यातले सगळे सात खोडते. सुटलेले आणि चुकून खोडलेले मिळून त्या दिवसाच्या चुका. शिवाय कामावर किती वेळा विनाकारण उठले, किती वस्तू विसरले, नाडी, झोपेचे तास, जेवण. प्रत्येकाला वेगळा रकाना आहे.

आकड्यांच्या पानावरची आठवड्याची सरासरी: पहिला आठवडा सहा चुका, दुसरा पंधरा, तिसरा पाच. मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. फक्त कळवते.

तरीही एक सांगते. परवा एका पंपाची बॅटरी तपासताना मी चाळीस मिनिटं एका जागी बसले होते आणि मला ते घड्याळ बघून कळलं. बाईंनी जाताजाता विचारलं, आज खुर्चीला खिळे ठोकलेत का? त्या विनोद करत नाहीत. बहुधा महिन्यातून एक करत असाव्यात, आणि मार्चचा माझ्या वाट्याला आला.

मेमधल्या अधिकारासाठी त्यांनी माझं एकटीचंच नाव वर पाठवलंय. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी कागद पाहिला. मला त्यांचा कागद खोटा पडायला नकोय.

वजन जैसे थे. म्हणजे उतरलेलं नाही. हे वाक्य तुझ्यासाठी घातलंय.

तुझ्या हुकमाच्या ताब्यातली,
तुझी भाची

---

दि. २८ मार्च

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद, आणि या खेपेला रागाचा एकही नाही.

तुझे आकडे तीन वेळा वाचले. सहा, पंधरा, पाच. छान आहेत. म्हणजे, काय आहेत ते तूच ठरव, मी काही त्यातली जाणती नाही. पण ऐक. आकड्यांवर इतक्यात जीव टाकू नकोस. माणसाचं डोकं म्हणजे पंप नाही. कधी झोप झालेली असते, कधी नसते. कधी कोणी चांगलं बोलतं आणि दिवस सुधारतो. दुकानात एक बाई यायच्या. त्यांची डोकेदुखी मी पाण्याचा पेला पुढे करेपर्यंतच अर्धी थांबायची. दोष त्यांचा नव्हता, पेल्याचाही नव्हता.

मला वाटतं, आठ पाकिटं झाली की तू डॉक्टरांकडे जावंस आणि गोळीची मात्रा, वेळ, जे काय असेल ते त्यांच्याशी नीट बोलावंस. वजनाचं आधी सांग. केशराचं नंतर. आणि फॉर्मातल्या त्या रकान्यात गोळीचं नाव लिहिलं तर कोण तुझं डोकं उडवणार आहे? चष्मा लावणारा माणूस चष्मा लावतो म्हणून कोणी त्याची सही नाकारत नाही.

मी काही सुचवत नाहीये. तू लगेच भिंग लावून बसशील, म्हणून सांगते.

इथे सगळं ठीक. मला हल्ली झोप थोडी कमी येते, वय झालं. पत्र लवकर टाक.

तुझ्यावर जिचा जीव आहे ती,
तुझी आत्या

---

दि. ५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भिंग लावून वाचलं. आकड्यांवर जीव टाकू नकोस, असं तू उगाच लिहिणार नाहीस. यादी तुझ्याकडे आहे आणि माझे आकडे तुझ्यासमोर आहेत. ते एकमेकांशी जुळत नसते, तर तू मजेत चार टोमणे मारले असतेस. ते जुळले, म्हणून तू घाबरलीस आणि मला थोपवायला लागलीस. हा अंदाज आहे हे मी मान्य करते.

चौथा आठवडा चौदा चुका, पाचवा सहा. म्हणजे सहा, पंधरा, पाच, चौदा, सहा. केशर विषम पाकिटांत आहे. मला यादी बघायची गरज उरलेली नाही.

यापुढचं तुला आवडणार नाही, तरी लपवत नाही. गोळी मी परवा सोमवारपासून बंद करतेय. मी लेखी दिलं होतं ते पाच आठवडे पाळलं. फॉर्म तीस तारखेला जायचाय. त्याआधी गोळीशिवायचे तीन आठवडे हातात नसतील तर ‘काही नाही’ हे नुसतं शाईपुरतं खरं ठरेल. सहाव्या पाकिटात स्टार्च असेल असा माझा हिशेब आहे. तो आठवडा वाईट जाणार हे धरून चालते, आणि तक्ता भरताना प्रत्येक ओळ दोनदा वाचेन. सातव्यात परत केशर.

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. आकडे पूर्ण झाले की सांगेन.

तुझ्या पत्रातून मला इशारे मिळतात हे एकदा कळल्यावर पुढची पत्रं वाचणं बरोबर नाही. तुझं पत्र आलं तर ते सत्तावीस तारखेपर्यंत खणात बंद राहील. फोनही घेणार नाही. याला राग समजू नकोस. ही पद्धत आहे.

सत्तावीसनंतर हवं तेवढं रागव.
तुझी भाची

---

दि. ९ एप्रिल
(कुरिअरने)

अगं पोरी,

मायना लिहायला वेळ नाही. हे उघड. पद्धत गेली खड्ड्यात, आधी हे उघड.

एकाही पाकिटात केशर नाही. आठही पाकिटांत स्टार्च आहे. विषम, सम, सगळ्यांत. लाखेच्या लिफाफ्यात कोरा कागद आहे. वास येतो तो डब्यातल्या चार काड्यांचा.

मी मुद्दाम केलं. का, ते सांगते. मग मला काय म्हणायचं ते म्हण. दुकानात एक शिंपीकाका यायचे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती त्यांची. एकदा गुडघ्यांसाठी त्यांनी एक झाडपाल्याची पुडी मागितली, मला विचारलं, चालेल ना? मी म्हटलं, नैसर्गिक आहे हो, काय होणार? सोळा दिवस ते रुग्णालयात होते. हिरड्यांतून, नाकातून रक्त. वाचले. पण पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि समोरून आले तर मान वळवायचे. तुझी नाडी नव्वदच्या वर आणि त्यात वर आणखी काही आपल्या हाताने भरून द्यायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं होतं, ते मी वाचलं होतं. तरी झालं नाही. वाटलं, आठ आठवडे ही स्टार्च खाईल, काही फरक पडत नाही म्हणून नाद सोडेल, गोळी तर चालूच आहे. फरक दिसेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तुझे आकडे आले त्या दिवशी मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पाण्याच्या पेल्याची गोष्ट लिहीत बसले.

आता तुझ्या अंगात गोळीही नाही आणि केशरही नाही. काही म्हणजे काही नाही. आणि तू लोकांच्या शिरेत जाणारे पंप तपासतेस.

तुझ्या पत्रानंतर चौदा वेळा फोन केला. वाजतो आणि बंद होतो.

गोळी सुरू कर. डॉक्टरांना फोन कर. मला नंतर काप.
आत्या

---

दि. १२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं कुरिअर काल आलं. खणात ठेवलंय, बंद. पाकिटावर तू तीन रेघा मारून ‘तातडीचे’ लिहिलंस, तेवढं दिसलं. तुला सगळंच तातडीचं असतं.

काल एक गोष्ट घडली. लिहून ठेवणं आवश्यक आहे, आणि दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

बुधवारी तपासलेला एक पंप काल दुपारी वॉर्डातून परत आला, चिठ्ठीसह. परिचारिकेने लिहिलं होतं की रुग्णाच्या कोपराखाली नळी दुमडली होती आणि पंप शांतपणे आकडे दाखवत होता. भोंगा वाजलाच नाही. तिने चादर नीट करताना पाहिलं म्हणून कळलं. रुग्ण ठीक आहे. हे मी स्वतः वर जाऊन बघून आले. साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत, खिडकीकडे तोंड करून झोपले होते.

बुधवारचा तक्ता काढला. भोंग्याच्या रकान्यात माझी बरोबरची खूण आहे. ती चाचणी मी केली का, ते मला आठवत नाही. मधेच कोणीतरी दुसऱ्या पंपाबद्दल विचारायला आलं होतं, एवढं आठवतं. परत बसले तेव्हा तक्ता समोर होता. शेवटच्या चारही खुणा एकाच झटक्यात केल्यासारख्या दिसतात, एकाच कोनात.

बाईंनी विचारलं की भोंगा तपासला होता का. मी म्हटलं, तपासला होता, तेव्हा वाजला होता, नंतर बिघडला असेल. त्या एवढंच म्हणाल्या की बरं. माझा शब्द त्यांना पुरला.

सहावा आठवडा वाईट जाणार हे मी आधीच लिहिलं होतं. चुकांची सरासरी तेवीस. म्हणजे सहाव्या पाकिटात स्टार्च आहे आणि केशराचा परिणाम खरा आहे, हे उलट पक्कंच झालं. सोमवारी सातवं पाकीट सुरू होतं. दोन दिवस काढायचेत.

वरचा परिच्छेद परत वाचला. तो तर्काला धरून आहे. तरी तिसऱ्यांदा वाचतेय.

तुझी भाची

---

दि. १३ एप्रिल, रविवार
(दाराखालून)

आठही पाकिटांत स्टार्च आहे. सातव्यातही. केशर कधी नव्हतंच. मी खोटं बोलले.

हे घडीच्या बाहेरच्या बाजूला लिहिलंय, म्हणजे न उघडता दिसेल. आता आत वाच.

अकराच्या गाडीने आले. बेल वाजवली, दार ठोकलं, हाका मारल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या की सकाळी दूध घेताना दिसली होती. कुठे गेली असशील तर लवकर ये. जिन्यात बसलेय. पावणेदोनला परतीची गाडी आहे, नंतरची मिळणार नाही.

दादाला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी नऊपर्यंत तुझा फोन आला नाही, तर त्याला घेऊन तुझ्या विभागात येऊन उभी राहीन. तुझ्या बाईंसमोर. तू मला जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल, मला आणखी एक शिंपीकाका नकोयत.

दाराशी पिशवीत थोडं खायचं ठेवलंय. वजनाचं लक्षात ठेव.

आत्या

---

दि. २० एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी मी तुला फक्त ‘चिठ्ठी वाचली, गोळी घेतली’ असा निरोप पाठवला. सविस्तर लिहायला सहा दिवस लागले. रागात लिहिलेले तीन मसुदे फाडले. हा चौथा.

सोमवारी आठ वाजता बाईंना जाऊन सांगितलं. क्रमाने सांगितलं: निदान, गोळी, पाकिटं, गोळी बंद केल्याची तारीख, बुधवारची खूण, आणि शुक्रवारी मी त्यांच्याशी खोटं बोलले ते. त्यांनी तो तक्ता मागवला आणि खालच्या त्यांच्या सहीवर बोट ठेवून म्हणाल्या की इथे मीही न बघता सही केलीय, तुझ्या खुणा सरळ असतात म्हणून. हे ऐकणं मला ओरडा खाण्यापेक्षा जड गेलं.

सात तारखेपासून मी तपासलेले बाकीचे बावीस पंपही आम्ही वॉर्डांतून परत आणले. एकेक करून बदली पंप द्यावे लागले. परिचारिका काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही, त्यांचं बरोबर होतं. दोन दिवस आम्ही दोघींनी मिळून सगळे तपासले. मी मोठ्याने आकडा वाचायचा, त्यांनी लिहायचा आणि परत वाचून दाखवायचा. परत आलेला तो एक सोडून बाकी बावीस नीट निघाले. पण आणखी दोन तक्त्यांवर बॅटरीपुढे खूण होती आणि मिनिटांचा आकडा नव्हता. म्हणजे त्याही चाचण्या मी केल्या नव्हत्या. ते दोन पंप नशिबाने चांगले होते.

माझं नाव मेच्या यादीतून गेलं. पुढचं वर्षभर माझ्या प्रत्येक तक्त्यावर कोणीतरी शेजारी उभं राहून सही करेल. नोकरी आहे. फॉर्म तरीही भरला, कारण तो सगळ्यांनाच भरावा लागतो. त्या रकान्यात गोळीचं नाव आणि मात्रा लिहिली. बाईंनी वाचला आणि विचारलं की हे आधी का लिहिलं नाहीस, यावर अधिकार अडत नाही. मी विचारलंच नव्हतं. सगळं मोजलं, तेवढं सोडून.

डॉक्टरांकडे गेले. वजनाचं त्यांना माहीत नव्हतं. ते बऱ्यापैकी चिडले. आता मात्रा कमी केलीय आणि सकाळची वेळ जेवणाशी जुळवून दिलीय. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. केशराचं विचारलं. ते म्हणाले की पुढे कधी करून बघायचं असेल तर गोळी न सोडता आणि त्यांना सांगून. आणि घरच्या माणसांकडून पुड्या बांधून घ्यायच्या नाहीत.

आता आकडे. ते असे का आले हे तुला जाणून घ्यायचं असेल. मला तरी घ्यायचं होतं. माझ्या वहीत झोपेचा रकाना होता, मी तो रोज भरत होते आणि एकदाही वाचला नव्हता. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात माझ्या जादा पाळ्या होत्या, सरासरी झोप साडेचार तास. विषम आठवड्यांत सात. बाकी काही नाही. सहाव्यात गोळी नव्हती. केशराबद्दल मला आज तेवढंच माहीत आहे जेवढं दहा फेब्रुवारीला होतं. कदाचित ते कोणाला उपयोगी पडत असेल. मी ते अजून चाखलेलंही नाही.

तू जे केलंस त्याबद्दल. शिंपीकाकांचं वाचलं. तुझी भीती समजते. पण तू नाही म्हणू शकली असतीस. मला दोन ओळींत नकार लिहिला असतास तर मी आठ दिवस फुगले असते आणि गोळी खात राहिले असते. तू नकार पाकिटात भरून दिलास. हे माफ करणं मला अजून जमत नाहीये, आणि जमतंय असं मी लिहिणार नाही. बाबांना मी स्वतः सांगितलं, तुझ्या भागासह. ते म्हणाले की तुम्ही दोघी एकाच मातीच्या, कोणाला विचारायचं म्हटलं की तुमची जीभ अडते.

आणखी एक गोष्ट राहिली. ती मसुद्यांत तिन्ही वेळा गाळली होती.

रविवारी तू आलीस तेव्हा मी घरातच होते. बेल वाजली तशी दाराशी आले होते. तुझी हाक ओळखली. तू प्रयोग मोडायला आलीस असं मला वाटलं, आणि सातवं पाकीट दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. तू गुडघ्याला शिव्या देत पायरीवर बसलीस ते ऐकू आलं. मी आतून दाराला टेकून खाली बसले. एक तास चाळीस मिनिटं आपल्या दोघींमध्ये ते दार होतं. तू शेजारच्या बाईंना म्हणालीस की माझी भाची फार हुशार आहे, फक्त कधीकधी ऐकू येत नाही तिला. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. चिठ्ठी सरकवताना तुझी बोटं फटीतून आत आली. बाहेरच्या बाजूची ओळ मी तेव्हाच वाचली. तू अजून दाराबाहेरच होतीस. पिशवी ठेवताना तिचा आवाज झाला, मग तू कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेलीस. उठून दार उघडायला तीन सेकंद लागले असते. मी उघडलं नाही.

पंपाचा तक्ता मी बाईंसमोर ठेवला, त्याची शिक्षा ठरली, ती मी भोगेन. या गोष्टीचा रकाना कुठेच नाही, म्हणून तुला लिहिते.

येत्या रविवारी अकराच्या गाडीला मी स्टँडवर येईन. तू आलीस तर आपण भांडू. मला खूप भांडायचंय. नाही आलीस तर पावणेदोनच्या गाडीने मी तुझ्याकडे येईन आणि तुझ्या दाराबाहेर बसेन. तू कितीही वेळ लावलास तरी चालेल.

तोवर लोभ राहू दे. मागायचा हक्क उरलाय का ते माहीत नाही, तरी मागते.
तुझी भाची